वाळलेला सुगंध



गेल्या पावसाळ्यांत माझी पत्नी मोठ्या दुखण्यांतून उठली. पाणी पिणेंही तिला नकोसें झालें होतें. संत्र्याच्या स्वादाची ग्लुकोजची पूड कालवून दिली म्हणजे मात्र ती पेला रिकामा करी. एके दिवशीं डब्याचें झांकण माझ्या हातून उघडें राहिलें. दोन दिवसांत पुडीचे खडे झाले, वास उडाला, आणि तिनें पेला दूर सारला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पण हा वास पुडींत राहतो कसा आणि जातो कां, याचा शोध घेतल्यावांचून मला राहवेना.

उटण्यासाठीं संत्र्याच्या साली वाळवावयाच्या, तर आमची आई त्या सावलींत पसरी. उन्हानें पाण्याबरोबर वासही जातो, हें तिला ठाऊक होतें. कारखानदारापुढेंही हाच पेंच आहे.

त्याची प्रमुख रीत अशी. बाभळीच्या कुळांतील झाडाचा डिंक पाण्यांत विरघळवून त्यांत सालीचें सुवासिक तेल घुसळतात. तें मिश्रण उंच कोठींत तुषाररूपानें उडवून त्यांत गरम हवा सोडतात. एक लिटर द्रवाचा एकच गोळा कल्पिला, तर त्याचा पृष्ठभाग ५०० चौरस सेंटिमीटरही भरत नाहीं, त्याचेच ०.०५ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर तो १२० चौरस मीटर होतो! म्हणून थेंब कांहीं सेकंदांतच वाळतो. या क्रियेचें पेटंट सॅम्युएल पर्सी यांनीं अमेरिकेंत १८७२ सालीं घेतलें.

ही हवा बहुधा १८० ते २०० अंश सेंटिग्रेड तापलेली असते. मग तेल करपत कसें नाहीं? माठांतलें पाणी ज्या कारणानें गार राहतें, त्याच कारणानें. बाष्पीभवन चालू आहे तोंवर थेंब फारसा तापत नाहीं. शिवाय पृष्ठभागावरील पाणी आटलें कीं दुधावर धरावी तशी डिंकाची साय धरते. पाण्याचे लहान रेणू तिच्यांतून निसटतात, सुगंधाचे मोठे रेणू आंत अडकतात. हॉलंडमधील थाइसेन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत हें मर्म उलगडून दाखविलें.

परंतु पाणी संपलें कीं थंडावाही संपतो. कोरडा कण ८०-९० अंशांपर्यंत तापतो. कांहीं कण फुगून तडकतात, आणि नाजूक वास उडून जातात. तर मग आंच कमी कां करूं नये? नुसती कमी केली, तर साय उशिरां धरते व तेवढ्या अवधींत सुगंध निसटतो. म्हणून मंद आंचेच्या नव्या पद्धतींत हवा आधींच कोरडी करून घेतात, मिश्रण दाट ठेवितात, कांहीं ठिकाणीं थेंबांना विद्युद्भारही देतात. मग १०० अंशांच्या आसपासची हवाही पुरते. मात्र अशी हवा पाणी थोडेंच वाहून नेते. म्हणून ती अधिक लागते आणि खर्चही वाढतो.

हा वास म्हणजे फळ नव्हे, हें खरें. पण रुग्णाच्या ओठांशीं पेला नेण्याचें काम तो करतो.

आणि डब्याचें काय झालें? दमट हवेंतील पाणी शोषून ती कोरडी साय मऊ पडली, कण एकमेकांस चिकटले, आणि कोंडलेल्या सुगंधाला वाट मिळाली. एवढ्या खटपटीनें राखलेला वास शेवटीं आपल्या हातांतील झांकणावरच अवलंबून असतो.

नवा डबा आणला. पत्नी आतां बरी आहे. झांकण मात्र मी रोज रात्रीं दोनदां पाहतों.