आधी ब्रेक, मग वेग
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. व्याख्यान मला येत नाही. पण थोरल्याच्या शर्यतीच्या गाडीचे ग्रीस माझ्या पदराला लागलेले तुम्ही पाहिले आहे, म्हणून त्याविषयीच दोन शब्द बोलते.

गाडी म्हणजे जुनी मारुती ८००. इंजिन अवघे ७९६ सी.सी.चे. मातीच्या मैदानावर घड्याळ लावून एकेकाने पळवायची. नंबर येईना, तेव्हा इंजिनात घालायला त्याने माझे भिशीचे पैसे मागितले. मी म्हटले, "आधी ब्रेक, मग वेग." दोन दिवस रुसला.

मग अंगणातच काम निघाले. मागचे सीट, कार्पेट, स्टेपनी काढली. ओझे उतरले की गाडी लवकर उठते आणि लवकर थांबते. ब्रेकचे जुने तेल बदलले. ते हवेतला ओलावा ओढते, आणि फार तापले की त्यात वाफ धरते. तेल दबत नाही, पण हवा अन् वाफ दबते. मग पाय खोल जातो आणि गाडी थांबत नाही. हवा काढायला दोन माणसे लागतात. तो चाकापाशी, मी ब्रेकवर. "आई, दाब. धरून ठेव. आता सोड." चारही चाके झाली, तेव्हा कुठे पायाला घट्ट लागले.

पुढच्या शर्यतीत चार सेकंद वाचले, तिसरा नंबर आला. म्हणाला, "आई, आता वळणापर्यंत वेग धरायला भीती वाटत नाही."

भगिनींनो, मुलांच्या छंदाला नुसती नावे ठेवू नका. एकदा शेजारी जाऊन बसा.