पॅरिस-ब्रेस्त, पण दिवसाउजेडी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि खोकले काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

सायकल चालवता चालवता ऐकत असाल तर आधी एक कान मोकळा करा, मग पुढचं ऐका.

गेले काही महिने इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. २०२७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस आहे. पुणे, नाशिक, मुंबई, सगळीकडचे लोक आत्तापासून बीआरएमचे हिशेब मांडायला लागलेत. आणि विचारतात, 'दादा, एवढा खर्च करून फ्रान्सला जायचंच आहे, तर राईड झाल्यावर आठवडाभर कुठे जाऊ? आल्प्समध्ये? माँ व्हाँतूवर?'

माझं उत्तर ऐकून लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. मी म्हणतो, त्याच रस्त्यावर परत जा. दिवसा.

ज्यांना पीबीपी माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पॅरिसजवळच्या रांबुये गावातून निघायचं, अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्तला पोचायचं आणि परत यायचं. साधारण १,२०० किलोमीटर, कमाल ९० तास. १८९१ मध्ये ही व्यावसायिक शर्यत म्हणून सुरू झाली, आज ती हौशी लोकांची आहे आणि चार वर्षांतून एकदा होते. जायच्या आधी त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राईड वेळेत पूर्ण कराव्या लागतात. २०२३ ला जगभरातून सहा हजारांहून जास्त लोक होते, त्यात भारतातून गेलेले दोनशेहून जास्त. त्यातला एक मी.

वेळेत पूर्ण केली. घरी आलो, पेढे वाटून झाले, आणि बाबांनी विचारलं, 'कसा आहे रे फ्रान्स?' मी विचार करायला लागलो. ९० तासांच्या गटातले लोक रविवारी संध्याकाळी निघतात. पहिली रात्र सायकलवर, दुसऱ्या रात्री दोनतीन तास झोप, तिसऱ्या रात्री डोळे उघडे पण डोकं बंद. माझ्या डोक्यात फ्रान्स म्हणून जे होतं ते म्हणजे पुढच्या माणसाचा लाल दिवा. बाबांना म्हटलं, 'रस्ते चांगले आहेत.' ते म्हणाले, 'बरं.' त्या 'बरं'चा आवाज बरेच दिवस कानात होता.

म्हणून नंतर एका जूनमध्ये पुन्हा गेलो. फक्त जायची बाजू, रांबुये ते ब्रेस्त. साधारण ६०० किलोमीटर, आठ दिवस. काँट्रोल नाही, घड्याळ नाही, बाजूला दोन पिशव्या.

पहिला दिवस सपाट. बोसचं मैदान म्हणजे गव्हाचं कोठार, आणि तुम्ही त्याच्या वरच्या काठावरून जाता. शेताला बांध नाही, कुंपण नाही. दूरवर एक पाण्याची टाकी, एक धान्याचा सायलो, एका चर्चचं टोक. ते टोक दिसल्यापासून गाव यायला अर्धा तास लागतो, कारण वारा पश्चिमेकडून आणि तुम्ही पश्चिमेकडेच चाललात. नवख्यांना सांगतो, या दिवशी फोटो कमी येतील आणि शिव्या जास्त. पण हा दिवस गाळू नका. पुढे काय बदलतं ते हा दिवस पाहिल्याशिवाय कळत नाही.

कारण सनोंशच्या जंगलातून बाहेर पडलात की पेर्श सुरू होतं आणि रस्ता अचानक वळायला लागतो. दोन्ही बाजूंना मातीचे बांध, बांधावर झाडं आणि झुडपं, आत छोटी छोटी शेतं. याला ते 'बोकाज' म्हणतात. बोसमध्ये घरं गावात एकत्र आणि शेत मोकळं, म्हणून रस्ता सरळ. इथे प्रत्येक शेतकरी आपापल्या वाडीत, म्हणून रस्ता एकेकाच्या दारावरून फिरत जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने जमिनींचं एकत्रीकरण केलं, मोठी यंत्रं फिरावीत म्हणून बांध उखडले. त्यामुळे मध्येच एखादा माळ येतो, जिथे वारा थाड्‌कन तोंडावर बसतो. बांध शेतकऱ्यासाठी काय करतो हे पुस्तकात आहेच, सायकलवर ते छातीला कळतं.

पेर्शमध्येच ते पेर्शरों घोडे. करडे, बैलासारखे भरदार. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या घोडाबस हेच ओढायचे. मोर्तान्य-ओ-पेर्श हे गाव टेकडीवर आहे, रात्री आलो होतो तेव्हा फक्त चढ लक्षात राहिला होता. दिवसा वर पोचून मागे बघितलं तर चढायला लावणारी ती सगळी दरी हिरवीगार पसरलेली.

आता चढाची गोष्ट निघालीच आहे तर. या वाटेवर एकही मोठा घाट नाही. आपला सिंहगड १,३०० मीटर उंच, इथे ४०० मीटरची टेकडीसुद्धा 'पर्वत' म्हणून मिरवते. तरी जाऊन-येऊन एकूण चढाई ११,००० मीटरच्या वर जाते. ओढ्यात उतरा, पलीकडे चढा, गाव, परत ओढा. खंबाटकी एकदाच करून मोकळं होता येतं, हे म्हणजे दिवसभर सुटे पैसे मोजणं. गियर हलके घेऊन जा.

रस्त्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा. नकाशावर 'डी' अक्षराचे रस्ते शोधायचे. डी म्हणजे देपार्तमाँ, जिल्ह्याचा रस्ता. त्यातही आकडा जितका मोठा, तितकी गाडी सहसा कमी. डी ९ वर ट्रक भेटतील, डी ३११ वर ट्रॅक्टर आणि कुत्रं. गंमत अशी की जिल्हा बदलला की त्याच रस्त्याचा नंबर बदलतो, त्यामुळे फोनची बॅटरी गेली तर नंबरावर नाही, पुढच्या गावाच्या पाटीवर जायचं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे. आणि लोक तो पाळतात. माझ्या मागे एक गाडी वळणावर खूप वेळ थांबून राहिली, हॉर्न नाही. मीच ओशाळून कडेला झालो.

आता खरी अडचण. भूक.

इथल्या गावाला स्वतःचं घड्याळ आहे आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. दुपारी बाराच्या सुमारास दुकानं बंद होतात, दोननंतर उघडतात, कधी त्याहून उशिरा. रविवारी दुपारनंतर सामसूम, सोमवारी बरीच दुकानं बंदच. पीबीपीच्या वेळी हे कळतच नाही, कारण तेव्हा गावंच्या गावं दारात टेबल मांडून कॉफी, पाणी, क्रेप घेऊन उभी असतात, रात्री दोन वाजतासुद्धा. व्हिलेन-ला-ज्युएलमध्ये तर जत्रा भरते, शाळेची पोरं तुमचा जेवणाचा ट्रे उचलून देतात. मी जूनमध्ये मंगळवारी दुपारी तिथे पोचलो तेव्हा चौकात मी, एक मांजर आणि चर्चचं घड्याळ.

मध्ये कितीतरी गावं अशी लागली की बेकरीची पाटी शाबूत आणि काचेला आतून कागद. तरुण मुलं शहरात, म्हातारी माणसं घरात, ब्रेड गाडीने दुसऱ्या गावातून. आपल्या कोकणातल्या कुलूपबंद घरांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तेव्हा नियम साधा, उघडी बेकरी दिसली की थांबायचं, भूक असो वा नसो. पाण्यासाठी स्मशानभूमी. हसू नका. जवळपास प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बाँजूर'. हे विसरलात तर चांगल्यातला चांगला माणूसही तुमच्याकडे वीजबिल घेऊन आल्यासारखं बघतो.

मायेन नदी ओलांडून पुढे फुजेरला पोचलात की ब्रिटनी. फुजेरचा किल्ला बघाच. तेरा बुरूज, भक्कम तट. पण आपण गडावर चढायची सवय असलेली माणसं, आणि इथे गाव वर टेकाडावर, किल्ला खाली खोलगटात! तीन बाजूंनी पाणी आणि दलदल होती म्हणून खाली बांधला. मी वरच्या बागेतून अर्धा तास नुसता खाली बघत बसलो होतो.

त्यानंतर तँतेनियाकचा कालवा. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमाराला चुकवून माल नेता यावा म्हणून खोदायला घेतला, पुरा होईपर्यंत १८३२ उजाडलं आणि नेपोलियन केव्हाच गेला. आज त्याच्या काठाने सपाट सायकलवाट आहे. जवळच बेशरेल, छोटंसं गाव, १९८९ पासून 'पुस्तकांचं गाव'. भिलार तुम्हाला माहीत असेल, तशाच जातीचं, फक्त इथे जुनी पुस्तकं विकायला.

लुदेआकपर्यंतचा भाग मी भरभर सांगतो, कारण तिथे पाऊस होता आणि मी मान खाली घालून होतो.

पुढे पाट्या दोन भाषांत होतात. फ्रेंच आणि खाली ब्रेतों. गावांच्या नावात 'केर' आलं की वस्ती, 'प्लू' आलं की जुना चर्चचा परगणा. वाडी, बुद्रुक, खुर्द वाचत वाढलेल्या माणसाला हा खेळ लगेच जमतो. ही भाषा शाळेत बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायची. आता तिच्या शाळा आहेत, पण घरात बोलणारी पिढी म्हातारी झालीय. जेवायला इथे गालेत मिळतं, कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन. शाकाहारी मंडळींनो, 'कोंप्लेत' मागितलं तर आत हॅम येतं, चीज आणि अंड्याचं वेगळं सांगा.

ह्युएलगोआटच्या जंगलात घराएवढे ग्रॅनाइटचे गोटे एकावर एक पडलेत. तिथून चढत रॉक त्रेव्हेझेल, ३८४ मीटर. २०२३ ला मी इथून धुक्यात, रात्री, दात वाजवत गेलो होतो. या वेळी वर पोचलो तेव्हा संध्याकाळचे नऊ आणि चक्क ऊन. जूनमध्ये तिकडे सूर्य दहानंतर मावळतो. झाडं संपतात, नुसतं जांभळट-तपकिरी माळरान, मधून खडकांचे कंगोरे. २०२२ च्या उन्हाळ्यात या टेकड्यांवर मोठा वणवा लागला होता. जळालेल्या जागी नेचे फुटलेले दिसतात. थोडंफार कास, थोडंफार काहीच ओळखीचं नाही. तिथून बाबांना व्हिडिओ कॉल केला. रेंज एकच काडी. इकडे रात्रीचा साडेबारा वाजून गेला होता, तरी त्यांनी उचलला. म्हणाले, 'कॅमेरा तुझ्याकडे नको, तिकडे फिरव.' फिरवला. पाच-सहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शेवटी सिझुनवरून उतरत समुद्राच्या खाडीपर्यंत. ब्रेस्तला जायला खाडीवर दोन पूल आहेत, नवा गाड्यांसाठी आणि १९३० चा जुना आल्बेर-लूप पूल पायी आणि सायकलवाल्यांसाठी. पुलाच्या मधोमध थांबा, डावीकडे सगळी ब्रेस्तची खाडी. पीबीपीत इथे सगळेच फोटो काढतात, आणि त्या फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

परतीला ब्रेस्तहून पॅरिसची वेगवान गाडी आहे. सायकल उघडी न्यायची असेल तर तिची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा. जागा मोजक्या असतात आणि उन्हाळ्यात पटकन जातात. नाही मिळाली तर चाकं काढून पिशवीत.

व्हिसा तोच, विमानाचं तिकीट तेच, सुट्टी फक्त आठ-दहा दिवस जास्त टाका. राईडनंतर लगेच जाणार असाल तर आधी दोन दिवस झोपा. ऑगस्टमध्ये गहू कापलेला असेल, बोस पिवळं-भुरकट दिसेल, तेवढा फरक.

पुढच्या भागात सायकल विमानाच्या खोक्यात कशी भरायची ते. डिरेलरचं हँगर वाकतं कसं, याचे फोटो तुमच्याकडे असतील तर पाठवा.