संशोधनाचा शेवटचा टप्पा



संशोधन प्रयोगशाळेत जन्मते. त्याची कसोटी मात्र लोकांत लागते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी, पूर्वीच्या प्रयोगांचा आधार घेऊन, मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी आप्तांच्याच हातून रुग्णांना पाजविले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर उतरले. हे आकडे त्यांनी १९७३ मध्ये शोधनिबंधात मांडले, म्हणूनच ते इतरांना पडताळता आले. अन्यथा तो अनुभव छावणीबरोबरच विरला असता.

जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी आजही कोणी तोडत असेल, तर त्यास ही हकीकत अवश्य सांगा. संशोधनाचा शेवटचा टप्पा तोच होय.