सुटींतील रहस्यकथा आणि मानवत



दिवाळीच्या फराळाचीं ताटें उचललीं गेलीं, पाहुण्यांची वर्दळ थोडी ओसरली, म्हणजे दुपारच्या निवांत वेळीं घरांतील कोणीतरी दिवाळी अंक उघडतें आणि लेख, कविता बाजूस सारून प्रथम रहस्यकथेचें पान शोधतें. खून, चोरी, विषप्रयोग असल्या भीषण गोष्टी सणासुदीच्या दिवसांत, चिवड्याची वाटी जवळ ठेवून, मनुष्य इतक्या आवडीनें कां वाचतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही आवड कांहीं एकट्या मराठी वाचकाची नव्हे. का. र. मित्र यांनीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ सालीं काढला, त्याच्या सतरा वर्षें आधीं, १८९२ च्या जानेवारींत, लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकानें शेरलॉक होम्सची एक नाताळची गोष्ट छापली होती. मेजवानीसाठीं आणलेल्या हंसाच्या पोटांत चोरीचें नीलरत्न सांपडतें, आणि सणाचे दिवस आहेत म्हणून होम्स चोराला क्षमा करतो. १९३० सालीं ॲगाथा ख्रिस्तीबाईंनीं मिस मार्पल या वृद्धेची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. सेंट मेरी मीड हें तिचें खेडें. बागकाम आणि विणकाम हे तिचे उद्योग. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ सालीं प्रथम अवतरला, तोहि थंड हवेच्या दार्जिलिंगमध्यें. आपल्याकडे भा. रा. भागवत यांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणे यानें, म्हणजे फास्टर फेणे यानें, मुलांच्या कित्येक सुट्या रंगविल्या.

या गोष्टींची घडण पाहिली, तर त्यांच्या गोडीचें कारण लक्षांत येतें. गांव लहान असतें. त्यांत डॉक्टर, धर्मोपदेशक, वकील, जमीनदार अशीं मोजकीं माणसें असतात आणि सर्वांना सर्वांचें ठाऊक असतें. मरणारा मनुष्य बहुधा श्रीमंत असून स्वभावानें खाष्ट असतो, त्यामुळें त्याच्यासाठीं कोणी फारसें रडत नाहीं. मागें मृत्युपत्र असतें आणि वारस एकमेकांकडे संशयानें पाहात असतात. अखेर कोणी चतुर व्यक्ति सर्वांना एका दिवाणखान्यांत जमवून खुन्याकडे बोट दाखविते आणि गांव पूर्ववत् होतें. भय आहे, परंतु त्याला शेवट आहे, हें वचन लेखकानें पहिल्या पानावरच दिलेलें असतें.

आतां याच होम्सच्या १८९२ च्या दुसऱ्या एका कथेंत लेखकानें फार मार्मिक विचार मांडला आहे. आगगाडींतून दिसणाऱ्या रम्य वाड्यावस्त्या पाहून डॉ. वॉटसन हर्षभरित होतात. पण होम्सच्या मनांत भीति दाटते. शहरांत निदान शेजाऱ्याच्या कानावर किंकाळी जाते. शेतांमध्यें विखुरलेल्या घरांत काय घडेल तें कोणाला कळणार? हा प्रश्न केवळ कथेंतला नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत एका लहान गांवानें तो प्रत्यक्ष भोगला आहे.

मराठवाड्यांत परभणी जिल्ह्यांत मानवत हें गांव आहे. काळी कसदार जमीन, कापसाची मोठी पेठ आणि मनमाडकडून परभणीला जातांना लागणारें ‘मानवत रोड’ हें स्टेशन, एवढी त्याची ओळख पुरेशी होती. परंतु १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत, सुमारें चौदा महिन्यांत, तेथें दहा खून झाले. बळी पडल्या त्या स्त्रिया आणि लहान लहान मुली. त्यांत एक तान्ही बालिकाहि होती. महाराष्ट्रांत दुष्काळानें थैमान घातलेलें होतें तेच हे दिवस. गुप्तधन मिळावें आणि संतति व्हावी, या आशेनें हे नरबळी दिले गेले, असा आरोप पुढें न्यायालयांत ठेवण्यांत आला.

कथेंतील गांव आणि हें गांव यांत पहिला भेद दिसतो तो मरणाऱ्यांचा. येथें मृत्युपत्र नव्हतें, जडजवाहीर नव्हतें, वारसांची भांडणें नव्हतीं. गरिबाच्या मुलीला शेणासाठीं, सरपणासाठीं, पाण्यासाठीं एकटें बाहेर पडावेंच लागतें. आणि तिच्या आईबापांच्या शब्दाला चावडींत वजन नसतें. जमीनदाराचा खून झाला, तर कथेंतल्या गुप्तहेराला पहिल्याच रात्रीं बोलावणें जातें. येथें मात्र पहिल्या खुनापासून शेवटच्या खुनापर्यंत एका वर्षाहूनहि अधिक काळ लोटला. सर्वांना सर्वांचें ठाऊक असणें आणि कोणीतरी कोणाची राखण करणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढें मानवतनें आपल्याला शिकविलें.

दुसरा भेद शेवटाचा. मुंबईच्या रामन राघव प्रकरणांत नांव मिळविलेले पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे हा तपास आला. पण तपासानंतर दिवाणखान्यांतला तो सोपा प्रसंग आला नाहीं; आलीं तीं न्यायालयें. साक्षी झाल्या, माफीचे साक्षीदार झाले, अपिलें झालीं. कांहीं आरोपी दोषी ठरले, कांहीं सुटले. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निर्णय, गुन्ह्यांत सामील असलेल्याच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टि किती असावी, या प्रश्नासाठीं वकीलवर्ग आजहि उघडून पाहतो. सत्याचा असा शेवट वाचकाला अपुरा वाटेल; परंतु केवळ संशयावरून कोणाला फांसावर चढवूं नये, ही न्यायाची शिस्त त्या अपुरेपणांतच आहे.

मग सुटींतील रहस्यकथा खोटी म्हणून टाकून द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. तिचा एक मोठा गुण आहे. तिच्यांत भुताखेतांवर खापर फोडून कोणाची सुटका होत नाहीं. वाड्यांत रात्रीं पांढरी आकृति दिसली, तरी सकाळीं तिच्या पावलांच्या खुणा मोजल्या जातात. जेथें मंत्रतंत्राच्या नादानें लेंकरें मारलीं गेलीं, तेथें पुरावा मागणारी ही बुद्धीच सर्वांत आधीं हवी होती. नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्धचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रांत २०१३ सालीं झाला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत हत्या झाली. तर्कबुद्धि ही कथेंत करमणूक असते. व्यवहारांत तिची किंमत मोजावी लागते.

मानवतच्या घटनांवर १९८१ सालीं अमोल पालेकरांनीं ‘आक्रीत’ हा चित्रपट काढला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. पुढें ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका घरोघरच्या पडद्यांवर आली, तेव्हां नवरात्राचा दुसरा दिवस होता. ज्या दिवसांत कुमारिकांचे पाय धुवून त्यांना जेवूं घालतात, त्याच दिवसांत मारलेल्या कुमारिकांची कथा आपण पाहिली. त्यांत पाप नाहीं. परंतु अशी कथा पाहून उठतांना खुनी कोण, एवढेंच विचारून भागत नाहीं. मेलेली मुलगी कोणाची होती, ती दिसेनाशी झाली तेव्हां तिचा शोध कोणी घेतला, आणि आपल्या आळींतली अशी मुलगी उद्यां सांजवेळीं परतली नाहीं तर आपण दार उघडून बाहेर पडूं कीं नाहीं, हेंहि विचारलें पाहिजे.

आणखी एक विनंति. एखाद्या गांवाचें नांव गुन्ह्याला कायमचें चिकटतें, तेव्हां तेथल्या निरपराध माणसांना तें जन्मभर वाहावें लागतें. मानवत हें कापूस पिकविणाऱ्या, बाजार भरविणाऱ्या, मुलांना शाळेंत धाडणाऱ्या माणसांचें गांव आहे. पुढच्या सुटींत रहस्यकथा जरूर वाचा, मुलांनाहि वाचूं द्या. पण कल्पनेंतलें गांव आणि खरें गांव यांतला भेद त्यांना त्याच वेळीं सांगून ठेवा.