भौतिकशास्त्राची क्रेडिट्स नेताना

निकाल लागले की आकाशवाणीकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो. पुण्यात एफ.वाय.ला भौतिकशास्त्र झालं, आता घर नागपूरला हलतंय, क्रेडिट्स एबीसीत जमा आहेत, मग तिकडे ती मिळतीलच ना? या ‘मिळतीलच’मधला ‘च’ आधी काढून टाका. एबीसी म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये तिचे विनियम काढले आणि तेव्हापासून या ‘बँक’ शब्दाने भल्याभल्यांची गफलत केली आहे. बँकेतले शंभर रुपये पुण्यात काढा नाहीतर नागपुरात, शंभरच असतात. क्रेडिटचं तसं नाही. तुमच्या खात्यात चार क्रेडिट दिसतात याचा अर्थ एवढाच, की अमुक पेपर तुम्ही उत्तीर्ण झालात अशी नोंद तुमच्या जुन्या संस्थेने केली आहे. तो पेपर नव्या पदवीत कशाच्या जागी धरायचा, की धरायचाच नाही, हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं. आणि ठरवताना ते तुमची गुणपत्रिका नव्हे, तर अभ्यासक्रम पाहतं. म्हणून आज एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगणार आहे: कॉलेज सोडण्याआधी, तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत ताब्यात घ्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की न्यूटनचे नियम पुण्यात एक आणि नागपुरात दुसरे असतात का? नसतात. पण एका सेमिस्टरमध्ये त्या नियमांचं काय केलं, यात फार फरक असतो. ‘मेकॅनिक्स’ नावाचा एक पेपर परिवलन गती, जडत्वाचं परिबल, केंद्रीय बल, केप्लरचे नियम इथवर जातो. त्याच नावाचा दुसरा पेपर अर्धा वेळ स्थितिस्थापकता, विष्यंदिता आणि पृष्ठताण यांत घालवतो. दोन्ही पेपर चांगलेच आहेत. पण पुढच्या वर्षाचा शिक्षक केंद्रीय बल झालेलं आहे असं धरून फळ्यावर लिहू लागतो, तेव्हा दुसऱ्या पेपरचा विद्यार्थी वहीत नुसता उतरवत बसतो. इतिहासाचा एखादा कालखंड राहिला तर तो मागाहून वाचून घेता येतो. भौतिकशास्त्राची इमारत मजल्यावर मजला अशी चढते. सदिश कलनावाचून विद्युतचुंबकत्व पुढे सरकत नाही, उष्मागतिकीवाचून सांख्यिकीय भौतिकी कळत नाही. म्हणून विद्यापीठाचं अभ्यास मंडळ घटकाला घटक लावून पाहतं, यात आडमुठेपणा नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचं ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’ घेऊन बी.एस्सी.कडे वळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. लेसर, अर्धवाहक, थोडी पुंजयामिकी अशी ती सगळ्या प्रांतांची धावती ओळख असते. तिच्या बळावर मेकॅनिक्सची सूट मागणं जरा जास्तच झालं.

आता आकड्यांकडे पाहा. आयोगाच्या हिशेबात तासिकांचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रयोगशाळेचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा, एका ठिकाणी तीन क्रेडिटची थिअरी आणि एक क्रेडिटचं प्रॅक्टिकल आहे, म्हणजे ४५ तास वर्गात आणि ३० तास प्रयोगशाळेत. दुसरीकडे दोन अधिक दोन आहे, म्हणजे वर्गात ३० आणि प्रयोगशाळेत ६०. बेरीज दोन्हीकडे चार. कागदावर सगळं जुळलं आणि तरी प्रयोगांचे ३० तास कमी पडले. हे गुणपत्रिकेवरून सहज उमगत नाही, कारण तिच्यावर पेपरचं नाव, सांकेतांक, क्रेडिट आणि श्रेणी एवढंच असतं. आत काय शिकवलं, किती तास शिकवलं, प्रयोग कोणते झाले, हे सांगतो तो अभ्यासक्रम. पुन्हा सांगतो: त्या वर्षीचा, शिक्क्यासहित. संकेतस्थळावरून नंतर उतरवून घेऊ म्हणणाऱ्यांनो, पॅटर्न बदलतो तशी तिथली प्रतही बदलते. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण आधी स्वायत्त महाविद्यालयांत आलं आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत. त्या उलथापालथीत एका वर्षाच्या अंतराने शिकलेल्या दोन भावंडांचे पेपरसुद्धा वेगळे असू शकतात. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः आखतं, त्यामुळे विद्यापीठ तेच राहून नुसतं कॉलेज बदललं तरी हा प्रश्न उभा राहतो. परदेशी जाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत कलनावर आधारलेलं भौतिकशास्त्र आणि बीजगणितावर आधारलेलं भौतिकशास्त्र हे दोन निराळे कोर्स असतात. तुमचा कोणता, हे नुसत्या ‘फिजिक्स’ या नावावरून तिथे कोणाला कळणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यापीठांनीच ठरवायचं असेल, तर क्रेडिट फिरती ठेवण्याच्या धोरणाला अर्थ काय उरला? अर्थ उरतो, कारण नोंद विश्वासार्ह झाली. एबीसी विद्यार्थ्याच्या हातून कागद घेत नाही, नोंदणीकृत संस्थेकडूनच घेते, त्यामुळे खोट्या गुणपत्रिकेचा संशय मिटतो. मात्र क्रेडिट खरं असणं आणि ते लागू पडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फसगत होते ती इथेच. नवी संस्था ‘क्रेडिट मान्य’ असं म्हणते, घरी पेढे वाटले जातात, आणि पुढे कळतं की ती ओपन इलेक्टिव्ह म्हणून धरली आहेत. एकूण बेरजेत आली, पण मुख्य विषयातला पेपर पुन्हा द्यायचाच आहे. तेव्हा अर्जात ‘क्रेडिट स्वीकारावीत’ असं मोघम लिहू नका. आपला कोणता पेपर, त्यांच्या कोणत्या पेपरच्या जागी, मुख्य विषयात धरावा, हे सांकेतांकासकट लिहा आणि उत्तरही लेखी मागा. खिडकीवरचा माणूस ‘होऊन जाईल’ म्हणाला, हे उत्तर नव्हे. एजंट म्हणाला, हे तर मुळीच नव्हे.

बाकीचं थोडक्यात. क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं. पदवी देणाऱ्या संस्थेतच निदान ५० टक्के क्रेडिट मिळवावीत अशी अट २०२१च्या विनियमांनी घातली, त्यामुळे शेवटच्या वर्षात उडी मारायचा बेत सहसा जमत नाही. एकदा पदवीसाठी वापरलेली क्रेडिट दुसऱ्या पदवीला चालत नाहीत. खात्यात क्रेडिट दिसतच नसतील तर आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, आकाशवाणीला पत्र घालून ती जमा होणार नाहीत.

राहता राहिली जर्नलं. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती किलोवर रद्दीत घालायची ही आपल्याकडची रीतच झाली आहे. अहो, कोणते प्रयोग तुम्ही स्वतः केलेत याचा शिक्षकांच्या सहीचा पुरावा तुमच्याकडे तेवढाच असतो, आणि त्याचे तुम्ही वीस रुपये करता? नव्या विद्यापीठाचं समकक्षतेचं पत्र हाती पडेपर्यंत ती जर्नलं आणि ती शिक्क्याची प्रत एकाच पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, आणि पिशवी कुठे आहे ते आईला सांगून ठेवा.