कुकरची रिंग आणि हायड्रोजनची गाडी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य असे विषय होतात. यंदा मंडळाने तांत्रिक विषय मागितला आणि तो आमच्या गळ्यात पडला. आम्ही म्हणजे सरकारी पाणीपुरवठ्याच्या खात्यातली, डिप्लोमा करून नोकरीला लागलेली माणसं. आमच्यात शास्त्रज्ञ कोणी नाही. पण गळती म्हणजे काय, हे आमच्याइतकं रोज कोणी बघत नसेल. म्हणून हायड्रोजनच्या गाड्यांवर बोलायचं ठरलं तेव्हा त्यातला गळतीचाच भाग आम्ही निवडला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ असं लोक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं. ही गाडी पाण्यावर चालत नाही. ती हायड्रोजनवर चालते आणि तिच्यातून पाणी बाहेर पडतं. टाकीतला हायड्रोजन एका पातळ पडद्याच्या एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूने हवा येते. पडद्यातून हायड्रोजनचा फक्त धन कण पार जातो, इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि तीच आपली वीज. या यंत्राला फ्युएल सेल म्हणतात, पुस्तकी मराठीत इंधनघट. कल्पना १८३९ ची, विल्यम ग्रोव्ह या इंग्रजी राजवटीतल्या वेल्श गृहस्थाची. म्हणजे प्रवासी आगगाडी आपल्या देशात यायच्या आधीची.

मग इतकी वर्षं अडलं कुठे? महाग प्लॅटिनम हे एक कारण सगळे सांगतात. दुसरं कारण कोणी फारसं सांगत नाही. ते म्हणजे हा वायू कोंडून ठेवणं आणि पाहिजे तेवढाच सोडणं.

घरातल्या भगिनींना हे आमच्यापेक्षा लवकर कळेल. कुकरला तीन गोष्टी असतात. झाकणाची रबरी रिंग, वरची शिट्टी, आणि बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह. रिंग वाफ कोंडते, शिट्टी दाब ठरवते, आणि शिट्टी अडकलीच तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाट मोकळी करतो. हायड्रोजनच्या गाडीत याच तीन गोष्टी आहेत. फरक दाबाचा. कुकरमध्ये साधारण एक बार दाब असतो. एक बार म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब; आपल्या गल्लीतल्या उंच टाकीचा फार तर दोन बार. बसच्या हायड्रोजन टाकीत ३५० बार असतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर साडेतीन किलोमीटर उंचीची टाकी! परदेशी मोटारींत तर ७०० बार.

आता पुण्याची गोष्ट. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. सीएसआयआर आणि केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने ती मिळून केली. साधी पाच जणांची सेदान गाडी, तिच्यात हे यंत्र बसवलेलं. फ्युएल सेल १० किलोवॉटचा, चालण्याचं तापमान ६५ ते ७५ अंश, टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन ३५० बार दाबाने, आणि तेवढ्यात सुमारे अडीचशे किलोमीटर जाण्याची अपेक्षा. पडद्याचं तंत्र सीएसआयआरचं. कंपनीच्या वाट्याला जी कामं होती त्यांत धातूच्या हलक्या पट्ट्या आणि गास्केटची रचना यांचा स्पष्ट उल्लेख होता. ते वाचून आम्हाला बरं वाटलं. इतक्या मोठ्या बातमीत गास्केटचं नाव कोण घेतो! पुढे २१ ऑगस्ट २०२२ ला याच जोडीची बस पुण्यात केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते लोकांसमोर आली.

गास्केट इतकं महत्त्वाचं का, त्याचा हिशेब बघा. एका सेलमधून चालू असताना जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, बॅटरीच्या एका मसाल्याच्या सेलच्या निम्म्याहून कमी. शंभर व्होल्ट हवे तर दीडशे सेल एकावर एक रचावे लागतात, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. प्रत्येक सेलला दोन बाजूंनी सील, म्हणजे तीनशे सील. पट्टी २५ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद धरली तर एका सीलचा घेर ८० सेंटिमीटर. तीनशे गुणिले ८० म्हणजे २४० मीटर सीलची कड. त्यात गार पाण्याच्या वाटांची सीलं वेगळी. मापं आम्ही समजण्यासाठी घेतली आहेत, पण अंदाज यावा. या २४० मीटरमध्ये एक केसाएवढी जागा सुटली तरी चालत नाही. शिवाय ही चवड दोन जाड पट्ट्यांमध्ये बोल्टांनी आवळलेली असते. कमी आवळली तर गळते, जास्त आवळली तर आतला नाजूक कागदासारखा थर चेपतो आणि वायूची वाटच बंद होते.

रबरही कुठलंही चालत नाही. आतलं वातावरण ओलं, गरम आणि थोडं आंबट. सिलिकॉन रबर मऊ आणि बसवायला सोपं, पण या आंबट ओलाव्यात ते हळूहळू झिजतं आणि त्याचे कण पडद्यावर जाऊन बसतात. ईपीडीएम नावाचं रबर जास्त टिकतं. आणि प्रत्येक रबराला एक रोग असतो: वर्षानुवर्षं दाबलेलं राहिलं की ते दाबलेलंच राहतं, परत फुगत नाही. जुनी कुकरची रिंग सपाट होऊन शिट्टीआधीच बाजूने फुसफुसायला लागते, तेच हे.

बुऱ्हाणपूरच्या माणसाने इथे उन्हाळ्याचा विचार करावा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश सावलीत. फ्युएल सेल ७० अंशाला चालतो. म्हणजे उष्णता बाहेर फेकायला फक्त २५ अंशांचा उतार. पेट्रोलच्या इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते, इथे जवळपास सगळी रेडिएटरलाच काढावी लागते. रेडिएटर मोठा हवा, नाहीतर आत तापतं आणि सील लवकर म्हातारं होतं. थंड देशात बनवलेलं यंत्र इथे जसंच्या तसं चालेल असं समजू नये.

आता या वायूचा स्वभाव. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. हवा ज्या भोकातून गळणार नाही असं वाटतं, तिथून हा जातो. पोलादात शिरून पोलादालाच ठिसूळ करतो, म्हणून त्याच्या नळ्या आणि व्हॉल्व्हची धातूही निवडून घ्यावी लागते. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत मिसळला तरी पेट घेतो. घरगुती गॅसची ही मर्यादा साधारण २ ते १० टक्के. पेटायला अगदी बारीक ठिणगी पुरते, आणि ज्योत दिवसा दिसत नाही.

सगळ्यात मोठी अडचण वासाची. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नाही. त्यात गंधकाचं एक द्रव्य मुद्दाम मिसळतात, म्हणून गळती नाकाला कळते आणि शेजारीण ओरडते. हायड्रोजनमध्ये तसं मिसळता येत नाही, कारण गंधक प्लॅटिनमला विषासारखं लागतं आणि फ्युएल सेल निकामी होतो. म्हणजे नाक बाद. विश्वास ठेवायचा तो सेन्सरवर, आणि ज्याने जोड आवळला त्याच्या हातावर.

जमेची बाजूही सांगितली पाहिजे. घरगुती गॅस जड असतो, तो खाली साचतो, मोरीत उतरतो. हायड्रोजन सुटला की सरळ वर पळतो. उघड्यावर तो झटकन विरून जातो, धोका छताखाली. म्हणून जिथे या गाड्या उभ्या करतात तिथे छताच्या सर्वांत उंच जागी मोकळी वाट ठेवावी लागते. वायूला वर जायला वाट लागते हे आपल्या गावाला नवं नाही. १६१५ च्या सुमाराचा आपला कुंडी भंडारा, सातपुड्याचं पाणी भुयारातून नुसत्या उताराने गावात आणणारा, त्यावर शंभरावर कुंड्या वर उघड्या आहेत. हवा खेळते, माणूस उतरून साफ करू शकतो. युनेस्कोच्या संभाव्य यादीत तो २०२४ मध्ये गेला. तिथे मात्र दाब नाही, म्हणून गास्केटही नाही. आमच्या खात्याला तो फार आवडतो तो उगाच नाही!

आता नियंत्रण, म्हणजे शिट्टीचं काम. टाकीच्या तोंडाशी विजेचा व्हॉल्व्ह असतो. वीज असेल तरच उघडा. वीज गेली, गाडी आदळली, सेन्सर वाजला की आपोआप बंद. मग रेग्युलेटर ३५० बारचा दाब पायरीपायरीने उतरवत एक-दोन बारवर आणतो. पडदा इतका पातळ असतो की दोन बाजूंच्या दाबात फार फरक पडला तर तो फाटतो, म्हणून हायड्रोजन आणि हवा यांचा दाब एकमेकांना धरून चालवावा लागतो. ड्रायव्हरने पाय दाबला की दोन्ही एकत्र वाढले पाहिजेत. न वापरलेला हायड्रोजन फेकून देत नाहीत, परत फिरवतात. बऱ्याच ठिकाणी ते काम इजेक्टर करतो, आपल्या विहिरीवरच्या जेट पंपाच्याच तत्त्वावर. पण हवेतला नायट्रोजन पडद्यातून हळूहळू झिरपून हायड्रोजनच्या बाजूला जमतो, पाणीही साचतं. म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह अधूनमधून क्षणभर उघडून ते बाहेर टाकतो. वारंवार उघडला तर इंधन वाया, उशिरा उघडला तर सेल गुदमरतो. आणि कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा भाऊ टाकीवर असतो: आग लागून तापमान ११० अंशांच्या आसपास गेलं की तो उघडतो आणि टाकी फुटण्याआधी वायू बाहेर सोडतो.

हे सगळं असूनही काय होतं ते नॉर्वेत दिसलं. १० जून २०१९ ला ओस्लोजवळ एका हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. चौकशीत यंत्रणेची कल्पना चुकलेली निघाली नाही. उच्च दाबाच्या एका टाकीच्या बुचाचे बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळलेले नव्हते. आधी थोडं गळलं, त्या गळतीने सील झिजलं, मग एकदम सगळं सुटलं आणि वायू पेटला. स्फोटाने थेट कोणी जखमी झालं नाही. जवळच्या मोटारीतल्या एअरबॅग उघडल्या त्याने दोघांना किरकोळ लागलं. थोडक्यात निभावलं.

हे आपल्यापासून लांब आहे असं कोणाला वाटत असेल तर ऐका. केंद्राचं हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. मार्च २०२५ मध्ये ३७ हायड्रोजन गाड्या आणि ९ पंप यांच्या प्रायोगिक योजना मंजूर झाल्या. त्यांच्या रस्त्यांत पुणे-मुंबई आहे आणि सुरतही आहे, म्हणजे आपल्या तापीचं दुसरं टोक. तिकडे अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फ्युएल सेल बनवला आणि मार्च २०२१ मध्ये त्याची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. पाणबुडीत खिडकी उघडायची सोय नसते, तेव्हा तिथल्या सीलचं काम किती बारकाईचं असेल ते बघा.

आपली किती मुलं पुण्याला आहेत हे या सभागृहात मोजलं तर बोटं पुरणार नाहीत. त्यातली बरीच कॉम्प्युटरवर आहेत, छान आहे. पण या धंद्यात जोड बसवणारा, ठरल्या मापाने बोल्ट आवळणारा, हेलियम भरून गळती शोधणारा, आणि काय केलं ते वहीत लिहून सही करणारा माणूस लागणार आहे. आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोराचं ते काम आहे. आपल्याकडे ‘फिटर झाला’ असं जरा खालच्या आवाजात सांगतात. आमच्या मते ते मोठ्याने सांगायला हरकत नाही.

आरतीला अजून अर्धा तास आहे. मागच्या टेबलावर आम्ही नवं आणि जुनं गास्केट, एक ओ-रिंग आणि टॉर्क रेंच ठेवला आहे. जुनं गास्केट नखाने दाबून बघा, नव्याशी ताडून बघा. मुलांनी रेंच हातात घ्यायला हरकत नाही, फक्त खाली आपटू नका, त्याचं माप बिघडतं.