सहायक मानसशास्त्रज्ञाची मुलाखत

मुलाखतीची तयारी म्हटली की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात : इस्त्रीचे कपडे, प्रमाणपत्रांची जाड पिशवी आणि पाठ केलेल्या व्याख्या. पुष्कळ जागांसाठी एवढी शिदोरी पुरतेही. परंतु मानसशास्त्राची पदवी घेऊन जो तरुण किंवा जी तरुणी सहायक मानसशास्त्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज करते, तिला ती पुरत नाही. कारण तेथे विचारला जाणारा खरा प्रश्न पुस्तकाबाहेरचा असतो. दुसऱ्याचे मूल किंवा दुसऱ्याचे दुःख या उमेदवाराच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे काय, हा तो प्रश्न होय.

हैदराबाद शहरात या विद्येची दोन मोठी ठिकाणे आहेत. एक एर्रागड्ड्याचे सरकारी मनोरुग्णालय. हे रुग्णालय पूर्वी आपल्या जालन्यास होते. १९५३ साली ते हैदराबादेस आले. ठाणे किंवा येरवडा ही नावे जशी आपण थट्टेत वापरतो, तसे हैदराबादकर एर्रागड्ड्याचे नाव घेतात. दुसरे ठिकाण सिकंदराबादेची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था. ती १९८४ साली स्थापन झाली. अशा संस्थांच्या, खाजगी रुग्णालयांच्या किंवा विशेष शाळांच्या दारात उभे राहण्यापूर्वी उमेदवाराने प्रथम एका शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो शब्द म्हणजे 'सहायक'.

सहायकाने रुग्णाची व घरच्यांची हकीकत टिपावयाची, वरिष्ठांच्या देखरेखीखाली चाचण्या घ्यावयाच्या, गुण मोजावयाचे आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहावयाचे. रोगाचे नाव ठरविणे हे त्याचे काम नव्हे. आपल्या देशात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे तर १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली नोंदणी लागते. ही मर्यादा ज्यास कमीपणाची वाटते, तो मुलाखतीत नको तेथे अधिकारवाणीने बोलतो आणि तेथेच त्याची परीक्षा संपते.

आता चाचण्यांकडे वळू. पॅरिस येथे आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची पहिली श्रेणी सिद्ध केली. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती पद्धती कानडी व मराठी मुलांसाठी बेतली आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. ज्यांना भाषेची अडचण आहे त्यांच्यासाठी भाटिया यांनी १९५५ साली ठोकळे, आकृत्या व चित्रे यांवर आधारलेली कृतिचाचणी दिली. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी वेक्सलर यांची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी तयार केली. उमेदवारास ही नावे ठाऊक असावीतच. पण कोणती चाचणी केव्हा वापरावयाची आणि केव्हा वापरावयाची नाही, हे त्याहून अधिक ठाऊक असावे.

समजा, समितीतील एखाद्या बाईंनी विचारले, "आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले. आपण काय लिहाल?" घाईचा उमेदवार लगेच हिशेब करील : सहास आठाने भागावे, शंभराने गुणावे, उत्तर पंचाहत्तर. हिशेब अचूक आहे. पण मूल त्यात कोठेच नाही. तयारीचा उमेदवार हिशेब सांगेल आणि थोडा थांबेल. मूल घरी कोणती भाषा बोलते? त्यास नीट ऐकू येते काय, दिसते काय? आदल्या रात्री त्याची झोप झाली होती काय? परक्या खोलीत ते भेदरले तर नव्हते? ते स्वतःच्या हाताने जेवते, कपडे घालते, दुकानातून जिन्नस आणून उरलेले पैसे परत देते काय? हे सारे आईला विचारून, निरीक्षणासह वरिष्ठांपुढे ठेवीन, असे तो सांगेल. एवढी सावधगिरी कशासाठी? अशा आकड्यांच्या आधारे पुढे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते किंवा नाकारले जाते, मुलाची शाळा ठरते आणि घरातील माणसे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील तेही ठरते. कागदावरचा आकडा खोडता येतो. आईच्या मनावर उमटलेला सहजी खोडता येत नाही.

हैदराबादेत भाषेचा प्रश्न तर पावलोपावली उभा राहतो. तेलुगू, उर्दू, दखनी, मराठी अशा साऱ्या भाषा एकाच बाह्यरुग्ण विभागात कानी पडतात. मराठी उमेदवारास दखनीतला 'नक्को' ऐकून घरचेच कोणी बोलते आहे असे वाटेल, आणि ते खरेही आहे. तो शब्द मराठीतूनच तेथे गेला. पण ओळखीचा शब्द फसवूही शकतो. हैदराबादी माणूस 'परसों' म्हणतो तेव्हा तो परवाचा दिवस असेल, किंवा दोन महिन्यांपूर्वीचाही असेल. दुखणे केव्हा सुरू झाले हे लिहिताना तेवढ्यावर विसंबून चालत नाही. 'रमझानच्या आधी की नंतर, शाळा सुरू होण्यापूर्वी की पुढे', असे विचारून घ्यावे लागते. तसेच चाचणीतील प्रश्नांचे आयत्या वेळी मनाने भाषांतर केले, तर तिचे माप बिघडते. "आपणांस तेलुगू येते काय?" या प्रश्नास "कामापुरते येते, शिकतो आहे, आणि जेथे अडेल तेथे जाणकाराची मदत घेईन" हे उत्तर पोकळ होकारापेक्षा केव्हाही मोलाचे.

आणखी एक प्रश्न बहुधा येतोच. "रुग्णाने सांगितले, 'कोणास सांगू नका', आणि मग जीव देण्याचा विचार बोलून दाखविला, आपण काय कराल?" येथे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उमेदवारास माहीत हवा. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्या कायद्याने दिला आहे. मात्र उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञास ती देता येते, आणि जिवास धोका असेल तर तो टाळण्यापुरती सांगता येते. म्हणून 'कोणासही सांगणार नाही' असे वचन आधी देऊच नये. रुग्णास एकटे सोडू नये, त्याचे ऐकून घ्यावे आणि वरिष्ठांस तत्काळ कळवावे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला त्यास गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालील माणूस मानावे, असे हाच कायदा सांगतो. उमेदवाराच्या स्वरातही ते उमटले पाहिजे.

"हे काम का निवडले?" या प्रश्नास "समाजसेवा करावयाची आहे" असे जवळजवळ सारेच सांगतात. त्याऐवजी प्रशिक्षणाच्या काळात पाहिलेला एखादा लहानसा प्रसंग, रुग्णाचे नाव-गाव न कळू देता, सांगावा. ती ओळख लपविण्यातच अर्धे उत्तर येऊन जाते. आणि जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणून शांतपणे सांगावे. जो समितीपुढे अज्ञान झाकतो, तो उद्या अहवालातही झाकील, हे अनुभवी परीक्षक ओळखतात.

तेव्हा मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात उमेदवाराने व्याख्या जरूर उजळाव्यात, चाचण्यांच्या सूचना मोठ्याने वाचून जिभेवर बसवाव्यात, संस्थेत कोणते रुग्ण येतात याची चौकशी करावी. मात्र रोज अर्धा तास घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून, मध्ये न बोलता, सल्ला न देता, केवळ ऐकण्याचा अभ्यासही करावा. हा अभ्यास फुकट जात नाही. जागा मिळाली तर रुग्णांस त्याचा उपयोग होईल. न मिळाली, तरी त्या घरात एका माणसाचे म्हणणे पुरते ऐकून घेतले गेले असेल.